मनकर्णाबाईचं पाणी

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं कोणी म्हणायचं, रिता रामटेके उगाच आरडाओरडा करते. राग यायला कारण लागतं बाप्पा, आणि मोहगडच्या संग्रहालयात कारणांना कधी तोटा पडला नाही.

भंडाऱ्याहून मोहगडला एसटीनं दीड तास लागतो. किल्ला गोंडांच्या काळातला. दोन बुरूज उभे, बाकीचे पडलेले, आणि मधोमध दगडी पाळीचा मोठा तलाव. तीन वर्षांपूर्वी दरवाज्याजवळच्या कोठारात संग्रहालय झालं. तिथं तिकीट फाडणं, टॅबलेट चार्ज करणं आणि ते डोक्याला बांधायचे चष्मे सांभाळणं हे माझं काम. चष्मा लावला की पडका किल्ला उभा राहतो. बुरजांवर निशाणं फडफडतात, घोडे फिरतात, तलावाकाठी राणीचा लाकडी सज्जा दिसतो, पाण्यात कमळं डुलतात. शाळेची पोरं तर तोंडात माशी गेली तरी मिटत नाहीत तोंड.

मनकर्णाबाई तिथं झाडलोट करते. साठीच्या आतबाहेरची, उंच, हाडकुळी. बोटं कायम काळी, कारण सकाळी दहापर्यंत ती त्याच तलावात छातीभर पाण्यात शिंगाड्याची वेल पाहत असते आणि दहानंतर आमच्याकडं चष्मे पुसते. तलाव ढीवरांच्या, म्हणजे पाण्यावर जगणाऱ्या मासेमारांच्या, चौदा घरांकडं आहे. जून-जुलैत वेल सोडायची, दसऱ्याच्या सुमारास तोडणी सुरू करायची, ती थेट थंडीपर्यंत दर आठ दिवसांनी. उकडलेला शिंगाडा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर तुम्ही खाल्ला असेल, तर त्यातला थोडा तिच्या हातचा असणार.

एकदा मीच जबरदस्तीनं तिच्या डोक्याला चष्मा बांधला. ती म्हणाली, "रिता व, आमच्या पाण्यात हे कमळं कोणं लावले?"

"कंपनीच्या पोट्ट्यांनी, मावशी. कम्प्युटरमधे."

"मंग आमचा शिंगाडा कुठं गेला?"

"काढून टाकला त्यांनी. चांगला नाही दिसत म्हणे."

"मले न इचारता?" असं म्हणून तिनं चष्मा काढला, स्पिरिटनं नीट पुसला आणि जागेवर ठेवून दिला. मी पोट धरधरून हसले होते तेव्हा. आता ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

संग्रहालयात एक मोठा स्क्रीन आहे, 'गावकऱ्यांच्या आठवणी' नावाचा. बोट लावलं की गावातलं एकेक माणूस बोलायला लागतं. तिसरा चेहरा मनकर्णाबाईचा. कंपनीची पोरं कॅमेरा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला विचारलं होतं, तलावात शिंगाडा कधीपासून लावता? आणि ही बाई कॅमेऱ्याकडं बघत, अगदी शांतपणे सांगते, "आत्ता आत्ता साहेब. दहा-बारा वर्षं झाले असतीन. आंधी इथं काहीच नव्हतं."

धादांत खोटं! तिची सासू त्याच पाण्यात म्हातारी झाली. पण ती खोटं का बोलली हे इकडच्या कोणालाही विचारा. तिच्या सासऱ्याला एकदा कोण्या साहेबानं असंच गोड बोलून विचारलं होतं. त्यानं अभिमानानं सांगितलं, आमच्या आज्या-पंज्यापासून आम्ही इथं आहोत, पाळीचे दगडही आम्हीच बसवतो. त्यावर किल्ल्याच्या दगडांना हात लावल्याची केस झाली. दोन वर्षं तारखा करत फिरला बिचारा. तेव्हापासून त्या चौदा घरांत एक रीत पडली, की हातात कागद किंवा कॅमेरा असलेल्या माणसाला सांगायचं, आम्ही आत्ताच आलो, आम्हाला काही माहीत नाही. लहान लेकरालाही हे शिकवलेलं असतं.

आमच्या घरी सगळं उलटं. माझ्या आजोबांनी शाळेचा दाखला पत्र्याच्या पेटीत असा जपला, जसं काही सोनं. 'लिहून घ्या, शिक्का मारून घ्या', हेच ऐकत मी करडी गावात मोठी झाले. म्हणून मला तिचं ते खोटं गमतीचं वाटलं. वर त्या व्हिडिओखालच्या ओळी मीच टाइप केल्या. 'मुलाखत देणाऱ्या बाई सांगतात की शिंगाड्याची लागवड अलीकडची आहे.' नोकरीचे पहिलेच दिवस होते, काम चोख दाखवायचं होतं मला.

दिवाळीला आठ दिवस राहिले होते, तेव्हा भुपेंद्र आला. भुपेंद्र म्हणजे चष्म्यातलं सगळं चित्र ज्यानं बनवलं तो कंपनीचा पोरगा. गोंदियाचा, स्वभावानं चांगला. पण त्या दिवशी तो माझ्या डोळ्याला डोळा देईना.

"मॅडम, संध्याकाळचा लेझर शो मंजूर होऊन राहिला," तो म्हणाला. "तलावाच्या पाण्यावर किल्ल्याची गोष्ट दाखवायची. त्यासाठी पाणी मोकळं पाहिजे. वेल काढा लागंन. पूर्ण."

"वेडा झाला का तू? तोडणी ऐन भरात आहे. चौदा घरं आहेत त्यावर."

"मी सांगतलं ना पुरातत्त्व खात्याच्या नागपूरच्या साहेबांना. त्यांनी फाईल दाखवली मले. त्यात तुमच्या स्क्रीनवरचं बयान आहे, बाईच्या तोंडचं. अलीकडची लागवड, म्हणजे परंपरा नाही, म्हणजे काढता येते. गुरुवारी साहेब स्वतः पाहाले येऊन राहिले. इथंच सही करतील."

ती ओळ माझी होती. माझ्या बोटांनी टाइप केलेली.

बुधवारी सकाळी मी मनकर्णाबाईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही, माझ्यावर अशी कडाडली की दारातलं कुत्रं उठून पळालं.

"दोन वर्षं रोज त्या काचीवरची धूड पुसतो म्या! रोज माहं थोबाड पाहतो! तुले माहीत होतं ना व ते खोटं आहे? मंग काहून चालू ठेवलं?"

"तू काहून बोलली खोटं?" मीही ओरडले. "मी तुझ्या तोंडात घातलं होतं का ते?"

"म्या माहं घर वाचवाले बोलली! तू कायले लिवलं?"

चूक माझीही होती आणि हे तोंडानं कबूल करायला मला फार जड गेलं. "चुकलं मावशी," म्हणाले शेवटी. ती झाडू फेकून पायरीवर बसली. मग म्हणाली, "उद्या म्या खरं सांगतो साहेबाले."

"आता कोण ऐकणार? म्हणतील, तलाव जायला लागला तशी बाई बदलली. पुरावा पाहिजे मावशी. काहीतरी दाखवता आलं पाहिजे."

भुपेंद्र तिथंच टॅबलेट घेऊन बसला होता. त्याच्याकडं तलावाचं कोरडं चित्र होतं, मे महिन्यात लेझरनं मोजून बनवलेलं. पाणी कोपऱ्यात गेलं होतं तेव्हा, पाळ तळापर्यंत उघडी पडली होती. त्याला वाटलं त्यात जुनी काही खूण सापडेल, म्हणून तो ते बोटानं फिरवून फिरवून पाहत होता. मनकर्णाबाई त्याच्या खांद्यावरून वाकली.

"हे थांबव," ती म्हणाली. "तिथं. त्या भोकांवर तुमी काय बसवलं?"

पाळीच्या दगडांत एका रांगेत बावीस भोकं होती. समोरच्या पाळीतही तितकीच. भुपेंद्रनं सांगितलं, तज्ज्ञांच्या मते ती राणीच्या सज्जाच्या लाकडांची भोकं असावीत. म्हणून चष्म्यात तिथं सज्जा उभा केलाय.

"कोणची राणी व?" मनकर्णाबाईनं माझ्याकडं पाहिलं. "हे आमचे दाव्याचे भोकं होत. पाणी उतरलं का यात बांबूची खुटी ठोकाची आन् या पाळीपासून त्या पाळीपर्यंत दावं ताणाचं. दर दाव्याच्या पुढचं पाणी एका घरचं. हे पयलं परसरामच्या घरचं. दुसरं चंद्रभागाबाईचं. तिसरं कोंढा गावाले गेले त्यायचं. चौथं मेलं, वंश नाही राह्यला. पाचवं माहं."

ती बोलत गेली. बावीसही घरं तिनं सांगितली, आता नसलेली आठसुद्धा. कोण कुठं गेलं, कोणाचं पाणी कोणाकडं आलं, सगळं. भुपेंद्रनं चित्र मोठं केलं. प्रत्येक भोकाची एक कड घासून गुळगुळीत झालेली होती, तलावाच्या बाजूची. सज्जाचं लाकूड असतं तर ओझं खालच्या कडेवर आलं असतं. इथं ओढ सगळी आडवी होती.

"मॅडम, हे दहा-बारा वर्षांत होत नाही," भुपेंद्र म्हणाला. "एवढा दगड घासाले शेकडो वर्षं लागतात."

त्या दुपारी आम्हाला वाटलं, जिंकलो आपण.

गुरुवारी साहेब अकराला आले. पन्नाशीचे, मृदू बोलणारे, हातात फाईल. बाकीच्या तेराही घरच्या बाया पाळीवर येऊन उभ्या होत्या. साहेबांनी आधी संग्रहालय पाहिलं, चष्मा लावला, कौतुक केलं. मग स्क्रीनवर तिसऱ्या चेहऱ्याला बोट लावलं. मनकर्णाबाईचा आवाज खोलीत घुमला, आणि खरी मनकर्णाबाई तिथंच भिंतीला टेकून उभी.

"या तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

"मीच. खोटं बोलली म्या."

"म्हणजे शासकीय नोंदीसाठी तुम्ही जाणूनबुजून खोटी माहिती दिलीत?"

नोकरी जायची तिची, आणि कदाचित माझीही. पण तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "हो साहेब. भेवून बोलली. आता खरं दाखवतो, या." आणि सरळ तलावाकडं चालू लागली. साहेब मागं, आम्ही त्यांच्या मागं.

ऑक्टोबरचं पाणी, पाळीला लागलेलं. भोकं सगळी हातभर पाण्याखाली. ती पायरीवरून उतरली, वेलीचे काटेरी शिंगाडे हातानं बाजूला सारत छातीभर पाण्यात गेली, आणि न पाहता एकेका भोकात बोट घालून नावं घेऊ लागली. परसराम. चंद्रभागा. पाळीवरून भुपेंद्र टॅबलेटवर तेच भोक दाखवायचा, तीच घासलेली कड. सातव्या नावाला साहेबांनी फाईल माझ्या हातात दिली. अकराव्या नावाला बूट काढले. आणि मग तो माणूस पँट दुमडून पायरीवर बसला, पाण्यात हात घालून त्यानं स्वतः ती कड चाचपली. त्याचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! लहान पोरासारखा.

"हे विलक्षण आहे," तो म्हणाला. "पाण्याची वाटणी! किल्ल्याच्या बांधकामातच केलेली! असं मी दुसरीकडे कुठंच पाहिलेलं नाही. लेझर शो इथं होणार नाही. मी आत्ताच नामंजूर करतो."

चंद्रभागाबाईनं टाळी वाजवली. मग सगळ्याच वाजवायला लागल्या. माझे डोळे भरून आले. मनकर्णाबाई पाण्यातच उभी होती, ओली, हसत. तिला मोकळेपणी हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

साहेब हात पुसत उठले. "आता एक गोष्ट," ते तितक्याच मृदूपणे म्हणाले. "एवढा मौलिक अवशेष आहे, तर याचा पूर्ण अभ्यास होईपर्यंत तलावात कोणी उतरायचं नाही. लागवड बंद. दोऱ्यांनी, येण्याजाण्यानं दगड झिजतात."

टाळ्या थांबल्या.

"झिजले म्हणूनच तर तुमाले दिसले," मनकर्णाबाई पाण्यातून म्हणाली.

"बाई, मी तुमच्याच भल्यासाठी सांगतो आहे. हा तुमचाच वारसा आहे."

मला इतका संताप आला, की हातातली फाईल त्याच तलावात भिरकावून द्यावी वाटली. आमच्याच हातानं आम्ही पुरावा काढून दिला होता. काल ती खोटं बोलली म्हणून तलाव जात होता, आज खरं बोलली म्हणून जात होता. भुपेंद्रनं तोंड उघडलं, साहेबांनी हातानंच त्याला गप्प केलं.

"अभ्यासाले किती दिवस लागतीन?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"दोन-तीन वर्षं तरी."

"आन् बंदीचा कागद?"

"सोमवारी निघेल पत्र."

"म्हणजे आज नाही. उद्या नाही. परवा नाही."

"सोमवारपर्यंत नाही," साहेब म्हणाले. आपण काय बोलून गेलो हे त्यांना बहुतेक कळलंच नाही.

त्यांची गाडी वळणापलीकडं गेली, तशी मनकर्णाबाई पाळीवरच्या बायांकडं वळली. "उभ्या काय राह्यल्या व? काढा डोंगे पाण्यात! सोमवारच्या आंधी सगळं तोडाचं!"

मी 'आज संग्रहालय बंद' अशी पाटी लावली आणि कुलूप घातलं. त्याची नोटीस मला नंतर आली, येऊ दे. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पाण्यात उतरले. शिंगाड्याचे काटे बोटांत शिरले की मेंदूपर्यंत कळ जाते. एक एक वेल उलटायची, खालचे शिंगाडे तोडायचे, वेल परत टाकायची. दोन-अडीच महिन्यांची तोडणी तीन-साडेतीन दिवसांत. निम्मे तर कोवळे होते, आत नुसतं दूध. तेही तोडले. चंद्रभागाबाई तोडता तोडता रडत होती, "हे लेकरं आहेत व, हे तोडू नये," म्हणत होती, आणि तोडत होती. भुपेंद्र काठावर पोती भरत होता. त्याची कंपनीची पांढरी टोपी चिखलानं काळी झाली. मनकर्णाबाई तीन दिवस कोणाशी बोलली नाही. मला भीती वाटत होती की ही आता मोडली. रविवारी सूर्य मावळायच्या आत तलावात तोडायला शिंगाडा उरला नाही.

सोमवारी पत्र आलं. चौदाही जणी संग्रहालयाच्या पायरीवर बसल्या. मनकर्णाबाईनं मला वाचायला सांगितलं. मी वाचलं:

"सदर तलावाच्या पाळीतील छिद्रांवरून येथील ढीवर कुटुंबांकडून तलावाच्या पाण्याची वाटणी व वापर किल्ल्याच्या बांधकामाच्या काळापासून सलग होत असल्याचे सिद्ध होते, सबब पुढील आदेशापर्यंत हा वापर तात्काळ बंद करण्यात यावा."

मला वाटलं, संपलं. कागद फाडून टाकावासा वाटला मला, मला म्हणजे आजोबांच्या नातीला!

"परत वाच," मनकर्णाबाई म्हणाली. "सिद्ध होते, तिथंवरच."

मी वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना माझाच आवाज बदलला. चंद्रभागाबाईनं डोळे पुसले. कोणीतरी हळूच म्हणालं, "आपलं नाव लिवलं व त्यात."

"खालतं सही आहे?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"आहे."

"शिक्का?"

"गोल, निळा. स्वच्छ उमटलाय."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. वाचता येत नाही तिला, तरी तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग उठली.

"याच्या चौदा झेराक्स काढ. शिक्का दिसला पायजे. बाराच्या बसनं भंडाऱ्याले जाऊ, कलेक्टर कचेरीत. तलाव आमच्या नावानं मागू."

"मावशी, बंदी आहे त्याच कागदात," मी म्हणाले. "ते म्हणतील, खालची ओळ वाचा."

"म्हणू दे ना व. पुढच्या आदेशापर्यंत म्हणते ना ते? आदेश बदलते. पण आमी कधीचे आहो, हे आता म्या नाही सांगून राहिली. साहेबानं लिवलं. ते खोटं ठरवाचं असंन, तर त्याले सोताची सही खोटी ठरवा लागंन."

बाराची बस पंधरा मिनिटं उशिरा आली. आम्ही पंधराजणी चढलो, आणि कंडक्टरला मागच्या तीन रांगा मोकळ्या कराव्या लागल्या.